रेव्हरंड टिळक : माहितीपटाच्या कामाची वही

४ जून

संहितेचा पहिला खर्डा बाजूला ठेवला. वाचायला बरा होता, पण त्यात माणूस नव्हता. शाळेच्या पुस्तकात भेटतो तो ‘केवढे हे क्रौर्य’चा कवी होता, हार घालून बसवलेला. विषय रेव्हरंड नारायण वामन टिळक, हाताशी पन्नासएक मिनिटं, आणि प्रत्येकाला त्यातून वेगळा टिळक हवा. पैसे देणाऱ्यांना कवी हवा. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, ज्येष्ठांना संत हवा. आमच्या एडिटर बाईंची ‘स्मृतिचित्रे’ची, म्हणजे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राची, पारायणं झालेली; त्यांना घरी कळवायच्या आधीच धर्म बदलून मोकळा झालेला नवरा हवा. तिघांचंही खरं आहे, पंचाईत तीच.

पडद्यावर उपदेशक दिसला की आपण सवयीने भोंदू शोधू लागतो. कफनी, भक्तांची रांग, मध्यंतरानंतर भांडाफोड. टिळकांच्या बाबतीत ती वाट बंद. त्यांनी पैसा जोडला नाही. जे बोलत ते त्यांना आतून पटलेलं असे, आणि पटलं की लगेच अमलात. उद्यावर टाकणं नाही, घरात विचारणं नाही. ऐकणारे याच गोष्टीवर भाळत आणि घरचे हिलाच धास्तावलेले असत. म्हणून ठरवलं: प्रेक्षक आधी या माणसाच्या बोलण्यात सापडला पाहिजे. तो सापडला नाही तर लक्ष्मीबाईंनी सोसलेलं सगळं नुसतं गाऱ्हाणं वाटेल.

८ जून

भिंतीवर सालांचे कागद लावले. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. शिक्षण नाशिकला. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न, ती अकराएक वर्षांची. सासरी तिची लक्ष्मी झाली. मग नोकऱ्या, म्हणजे धरणं आणि सोडणं. नागपूरला आप्पासाहेब बुटींचा आश्रय, तिथून राजनांदगाव. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा. १९०० मध्ये राहुरीला लक्ष्मीबाईंचा. १९०४ ला पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून दीक्षा, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन, १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’, ९ मे १९१९ ला मुंबईत मृत्यू.

रेकॉर्डिस्ट भिंतीकडे बघत म्हणाला, “हा माणूस एका जागी बसलेला दिसतच नाही हो.” खरं आहे. पण माझी नजर १८९५ आणि १९०० या कागदांमधल्या रिकाम्या भिंतीवर. तिथे लावायला साल नाही, म्हणून चरित्रकार तिथून झरझर निघून जातात. त्या वर्षांत लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. म्हणजे ना सवाशीण ना विधवा, आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई कीव करून जाणार. माहितीपटाचा मधला तिसरा भाग या रिकाम्या भिंतीचा, असं ठरलं.

११ जून

हक्कांचं बघून घेतलं. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे त्यांचं लेखन १९९७ पासून सर्वांना खुलं. टिळकांच्या कविता त्याहून आधी. पुढच्या आवृत्त्यांतल्या टिपा आणि प्रस्तावना मात्र त्या त्या संपादकांच्या. त्यातलं काही घ्यायचं तर रीतसर परवानगी. निर्मात्यांना हे मेलवर लिहून पाठवलं. फोनवरचं नंतर कुणाला आठवत नाही.

१८ जून

आगगाडीचा प्रसंग. १८९३ साल, नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटतो. गप्पा रंगतात. निरोप घेताना तो बायबलचा नवा करार हातात ठेवतो आणि सांगून टाकतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचीन म्हणून शब्द दिलेला, तो पाळला, आणि वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी आले ते तिथेच अडकले.

निर्मात्यांची सूचना अशी की इथे दोन मिनिटांचं नाट्य घाला: विग लावलेला साहेब, धूर सोडणारं इंजिन. नको. विजया मेहतांनी ‘स्मृतिचित्रे’ पडद्यावर आणलं तेव्हा सुहास जोशी आणि रवींद्र मंकणी होते. आमच्या पैशांत उसन्या मिशा लावून त्यांच्या मागे धावण्यात हशील नाही. आम्ही आजच्याच गाडीत बसू. गोंदिया मागे पडलं की झाडी दाट होत जाते आणि डोंगरगडच्या अलीकडे, दरेकसाजवळ बोगदा लागतो. खिडकीतलं रान एकदम काळं होतं आणि काचेत आपलाच चेहरा उमटतो. ते भाकीत तेवढ्यात ऐकवायचं. बोगद्याबाहेर आल्यावर निवेदन बंद.

अनोळखी माणसाला गाडीत दिलेला शब्द जो इतक्या निष्ठेने पाळतो, तोच बायकोला बातमी इतरांकडून कळू देतो. हे तोंडाने सांगायचं नाही. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवायचे, मध्ये संगीत नाही.

२४ जून

नगरला पाहणी. पाट्यांवर आता अहिल्यानगर, रिक्षावाल्यांच्या तोंडी नगरच. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली याच गावात सुरू झालं. टिळकांनी मिशनच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकवलं ते इथे, बालकवी त्यांच्या घरी येऊन राहिले ते इथे, आणि मुंबईत दहन झाल्यावर अस्थी आणल्या त्याही इथेच. दहन व्हावं ही त्यांचीच इच्छा. ख्रिस्ती पाळकाने त्या काळात असं सांगून ठेवणं किती जणांना रुचलं असेल!

सकाळी एका मंडळीच्या भक्तीला बसलो. पाळकसाहेबांना आधी फोन करून विचारलं होतं; ते म्हणाले, “कॅमेरा नको, पण तुम्ही या. मागे बसा.” पेटी आणि तबला, वर पंखे फुल्ल. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली गीतं सुरू झाली. टिळकांची कोणती हे मला वहीत बघून समजत होतं, आजूबाजूच्यांना बघावं लागत नव्हतं. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी. पुस्तकाचा कणा कापडी पट्टीने चिकटवलेला, पानांचे कोपरे गोल झालेले, आणि पुस्तक मिटूनच मांडीवर ठेवलेलं. डोळे मिटून गात होत्या. पायातली चप्पल काढून ठेवलेली, अंगठा फरशीवर ठेका धरतोय. दुसऱ्या कडव्याला तबलजी पुढे धावला तर त्यांनी हाताने त्याला मागे खेचल्यासारखं केलं आणि तो मागे आलाही!

नंतर अंगणात चहा. मी विचारलं, “आजी, टिळकांबद्दल घरात काय ऐकलं होतं?”

“तापट होते म्हणायचे. माझी सासू सांगायची, पाळकीण बाईंनी लई काढलं.” मग बशीतला चहा संपवून, “पण गाणं बघा की त्यांचं. देवाशी भांडायला आणि देवाला मनवायला एकच चाल पुरते.”

टिळकांचा आवाज आमच्या हाती नाही. ग्रामोफोनवाले १९०२ मध्येच या देशात येऊन गाणी भरून नेत होते, पण टिळकांची कीर्तनं ऐकणाऱ्यांच्या कानांतच राहिली. गेले दोन आठवडे ही आमची मोठी अडचण होती: ज्याच्या वाणीची ख्याती, त्याचा आवाज नाही. आता वाटतं अडचण सुटली. आवाज तयार करायचाच नाही. त्या बाकावरचे चेहरे घ्यायचे.

२७ जून

पाळकसाहेबांनी परवानगी दिली. अट: भक्ती चालू असताना कुणी उभं राहायचं नाही. कॅमेरामन कुरकुरला, मग खुश झाला. बसल्या उंचीवरूनच चेहरे चांगले मिळतात.

३ जुलै

लक्ष्मीबाईंचा आवाज. नाटकातल्या एका अनुभवी बाईंना बोलावलं होतं. पहिल्या वाचनात त्यांनी सगळं ओलं केलं. प्रत्येक वाक्याला हुंदक्याची किनार. मजकूर मात्र तसा नाहीच. लक्ष्मीबाई स्वतःच्या वनवासाबद्दलही अशा लिहितात की आधी हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण वाचायला दिलं: १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं, ते इतकं की बाजारातून आणलेलं मीठही धुऊन घ्यायचे. हे रडून वाचता येत नाही.

तरी गाडी रुळावर येईना. मग एडिटर बाईंना सुचलं. स्वयंपाकघरातून ताट आणि तांदूळ आणले, म्हणाल्या, “ताई, तुम्ही निवडत बसा आणि शेजारणीला सांगताय असं वाचा.” कागद समोर टांगला, हात ताटात. तिसऱ्या पानापासून आवाज खाली उतरला, वाक्यांच्या शेवटी येणारा नाटकी झोल गेला. खडा सापडला की त्या क्षणभर थांबायच्या आणि ते थांबणं बरोबर जागी पडायचं. रेकॉर्डिस्टच्या कपाळावर आठ्या, कारण तांदळाची खरखर मुख्य माइकमध्ये येत होती. ताटाखाली घडी घातलेलं घोंगडं सरकवलं, माइक वरून घेतला. थोडी खरखर राहिली आहे. राहू दे.

‘टिळक’ असा उल्लेख त्या सगळीकडे करतात, रागातही आणि कौतुकातही. ताईंनी या उल्लेखाचे निदान पाचसहा सूर काढले. ज्या ठिकाणी टिळक काही न सांगता निघून गेलेले असतात तिथला सूर मला फार आवडला: वैतागलेला, पण दाराकडे कान असलेला.

९ जुलै

पोस्टरचा नमुना आला. वर आमच्या माहितीपटाचं नाव, खाली पगडीतले लोकमान्य. डिझाइन करणाऱ्या मुलाने ‘टिळक’ शोधून पहिला फोटो टाकला होता. दोघे रत्नागिरीकडचे, दोघे समकालीन, एक गेले १९१९ ला आणि दुसरे १९२० ला, इतपत त्याला माफ. निर्मात्यांनी मात्र ते पोस्टर मंजूर करून छपाईला पाठवायच्या बेतात आणलं होतं.

१५ जुलै

कीर्तनाचं शूटिंग. हा दिवस नीट लिहून ठेवतो.

टिळकांनी ख्रिस्त सांगायला कीर्तन, भजन, अभंग ही आपली रूपं घेतली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. ते पडद्यावर सिद्ध करायचं तर कीर्तन अस्सल हवं. आम्ही गेलो एका नारदीय परंपरेतल्या बुवांकडे, देवळात चातुर्मास करणारे. मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी टिळकांची पदं मागून घेतली, आठवडाभर ठेवली आणि फोन केला: “यात मला परकं काही लागलं नाही. पण नमन मी माझं करीन. आणि एक सांगतो, मध्ये थांबवायचं नाही. कीर्तनात रीटेक नसतो.”

आख्यान आम्ही निवडलं बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं. पूर्वरंगात टिळकांचा अभंग, निरूपणात बुवांनी आपणहून तुकोबा आणले, मग नामघोष, मग उत्तररंग. श्रोते अर्धे मंडळीतले, अर्धे बुवांचे नेहमीचे. दोन कॅमेरे, एक बुवांवर आणि एक फक्त श्रोत्यांवर, सलग. लेपल माइक उपरण्याच्या आत गेला आणि बुवा हात उंचावतील तेव्हा खसखस येऊ लागली; पण थांबवायचं नाही म्हणजे नाही. रेकॉर्डिस्टने तो सोडून दिला आणि छताजवळच्या बूमवर भिस्त ठेवली. झांज पहिल्यांदा वाजली तेव्हा पातळी तांबड्यात गेली, त्यानंतर त्याने बोट नॉबवरून काढलंच नाही.

आख्यानात मुलगा परत येतो ती जागा. बुवा बोलायचे थांबले, पेटीवाल्याने नुसता षड्ज धरला. बुवांनी बापाचं पळणं दाखवलं: वयस्क माणूस, धोतराचा सोगा हातात, अब्रूची पर्वा न करता भर रस्त्याने पळतोय. जागच्या जागी, चार पावलं. श्रोत्यांवरच्या कॅमेऱ्यात एक पोलादी चेहऱ्याचे गृहस्थ आहेत, सुरुवातीपासून हाताची घडी. ती घडी या चार पावलांत सुटली. मला हवं होतं ते मिळालं. टिळकांच्या पुढ्यात बसलेल्यांचं काय होत असेल ते आता सांगावं लागणार नाही.

विरोधाभास असा की हे सगळं घर सोडणाऱ्याबद्दलचं कीर्तन, आणि ज्याच्यासाठी केलं तो आयुष्यात पुनःपुन्हा घर सोडत राहिला. बुवांना जेवताना हे म्हणालो. ते ताकाचा घोट घेऊन म्हणाले, “उधळ्याच्या गोष्टीत आई कुठे दिसते का बघा. तुमची लक्ष्मीबाई तीच.”

२८ जुलै

रफ कट लावायला घेतला. एडिटर बाईंचं म्हणणं, पहिल्या दहा मिनिटांतच मला या माणसाचा राग येतोय. आलाच पाहिजे असा क्रम मी लावला होता: लग्न, फिरती, बाप्तिस्मा, ताटातूट. साल धरून चाललं की असंच होणार. त्यांनी कीर्तन उचलून अगदी पुढे आणलं, नाव-गाव सांगण्याच्याही आधी. माहितीपट उघडतो तो बुवांच्या नमनाने आणि सलग सहा मिनिटं चालतो. मग बाकावरच्या आजी. मग पहिल्यांदा लक्ष्मीबाईंचा आवाज. आता त्यांची तक्रार ऐकणारा प्रेक्षक स्वतःच थोडा गुंतलेला असतो, कारण नुकतीच त्यानेही मान डोलावलेली असते.

१ ऑगस्ट

बालकवींचा भाग कापायचा की ठेवायचा यावर दिवस गेला. सामग्री एवढी की तो वेगळा माहितीपट होईल. १९०७ चं जळगावचं कविसंमेलन, त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा मुलाला मिळालेली ‘बालकवी’ ही पदवी, मग टिळकांच्या घरचा मुक्काम, लक्ष्मीबाईंनी लेकासारखं सांभाळणं, आणि १९१८ ला भादली स्टेशनाजवळ गाडीखालचा तो मृत्यू. शेवटी दोनच मिनिटं ठेवली, मृत्यू वगळून. एवढ्यासाठी की हे घर नुसतं सोसण्याचं नव्हतं हे कळावं. टिळक वाटेत भेटेल त्याला घरी आणत: दुष्काळातली पोरकी मुलं, रुसलेले कवी, आजारी माणसं. जेवायला किती पानं हे लक्ष्मीबाईंना पान वाढायच्या वेळीच समजे. त्यांची चिडचिड आणि त्यांचा अभिमान एकाच वाक्यात येतो, तिथे दोन मिनिटं पुरली.

१२ ऑगस्ट

निवडक लोकांना दाखवलं. मंडळीतले एक ज्येष्ठ मधेच म्हणाले, “तापटपणा एवढा कशाला? माणूस देवाघरी जाऊन शंभर वर्षं झाली.” एडिटर बाई म्हणाल्या, “काका, हे आम्ही शोधून काढलेलं नाही. पाळकीण बाईंनी लिहिलंय आणि त्यांच्या मुलाने त्यांच्याकडून लिहवून घेतलंय.” काका गप्प बसले, पटलं मात्र नाही. दुसऱ्या बाजूला बसलेले एक गृहस्थ म्हणाले, धर्मांतराचा भाग गाळा, कवी म्हणून दाखवा, सगळीकडे चालेल. त्यांना मी उत्तर दिलं नाही. गंमत म्हणजे निघताना दोघे एकाच रिक्षात बसले आणि दोघांचंही एकमत झालेलं दिसलं, की मुलांनी कीर्तन छान घेतलंय.

एक सूचना मात्र धरली. एका शिक्षिकेने विचारलं, टिळकांना आपलं वागणं कधी खटकलं का? खटकायचं. राग जितक्या झटक्याने येई तितक्याच झटक्याने ओसरे, मग मनधरणी, मग कविता. लक्ष्मीबाईंच्या सांगण्यातून ते दिसतं. आमच्या कटमध्ये राग होता, ओसरणं नव्हतं. घातलं. त्याने टिळक निर्दोष होत नाहीत, उलट लक्ष्मीबाई तिथे का टिकल्या हे थोडं कळतं.

२० ऑगस्ट

शेवटची दहा मिनिटं. १९१७ चा भाग अवघड. पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस मिशनचा पगार सोडतो, संन्यासी होतो आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवतो, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही ख्रिस्तभक्त चालतील. कल्पना म्हणून माझ्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी. मिशनरी चौकटीत राहून हिंदी माणसाचा ख्रिस्त सांगता येत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. आणि घराच्या हिशोबात बघितलं तर पुन्हा तेच: मनात आलं, निघाले. पुढे दोनच वर्षं आयुष्य होतं. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता, त्यांच्यामागे तो तसा राहिला नाही. इथे निवेदकाने न्यायनिवाडा करू नये म्हणून तीन वाक्यं खोडली.

दहनावर संपवायचा बेत होता. नाही संपवत. टिळकांमागे लक्ष्मीबाई सतरा वर्षं जगल्या. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांनी पुढे नेलं, आणि जिला शिक्षण धड मिळालं नाही त्या बाईने मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र लिहिलं. शेवटच्या सात मिनिटांत टिळकांचा फोटोही नाही. निर्माते म्हणाले, “नायक शेवटी गायब?” म्हटलं, सवय आहे त्यांना.

२६ ऑगस्ट

मिक्स सोमवारपासून. आगगाडीचा बोगदा आणि कीर्तनाचा षड्ज यांची पातळी जुळवायची आहे. श्रेयनामावलीत सेमिनरीचा आणि ‘ज्ञानोदय’चा उल्लेख तपासायचा. पाळकसाहेबांना त्यांच्या मंडळीसाठी एक प्रत पेनड्राइव्हवर, आजींनी टीव्हीला लागेल अशी मागितली आहे. बुवांचं मानधन आज दिलं. त्यांनी ‘राहू द्या हो’ वगैरे काही न म्हणता पाकीट खिशात घातलं आणि विचारलं, ख्रिस्तजन्माचं आख्यान बसवतोय, डिसेंबरात येणार का रेकॉर्डिंगला. रेकॉर्डिस्टने लगेच होकार दिला. मला कुणी विचारलं नाही.